पहिल्या दहा टक्क्यांत

हिला, म्हणजे माझ्या बायकोला, जाऊन आठ महिने झाले होते, तेव्हा पट्टी माझ्याकडे शिफारसपत्र मागायला आली.

पट्टी हे तिचं खरं नाव नव्हे. कोटाच्या खिशात कायम सहा इंची स्टीलची पट्टी असायची, म्हणून वर्गाने ठेवलेलं. नाव मलाही ठेवलेलं आहे. मी तंत्रशाळेत मापनाची प्रयोगशाळा चालवतो. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाची चूक निघाली तरी वही परत देतो, म्हणून पोरं मला पाठीमागे शतांश म्हणतात. सव्वीस वर्षांत तोंडावर कुणी म्हटलेलं नाही, पण भिंतींना असतात तसे कान मास्तरालाही असतात.

ती दुपारची आली. मी गेज ब्लॉक पुसून पेटीत ठेवत होतो. हे पोलादाचे लहान ठोकळे, बाकीची मापं त्यांच्यावरून तपासायची. उघडा हात लावायचा नाही, बोटाच्या उबेनेही ते वाढतात. तिला ते माहीत होतं. ती टेबलापासून लांबच उभी राहिली.

"सर, तीन पत्रं लागतात. गणिताच्या सरांनी दिलं, प्राचार्यांनी दिलं. तिसरं तुमचं."

"प्राचार्यांचं आहे ना, मग माझं कशाला?"

"प्राचार्य मला ओळखतसुद्धा नाहीत. तूच लिहून आण म्हणाले, आणि मी आणलेल्यावर सही ठोकली. तुमच्या खोलीत मी दोन वर्षं काढलीत. तिकडचे तेच वाचणार." जरा थांबून म्हणाली, "आणि तुमची पत्रं लागू पडतात म्हणे."

"औषध आहे का लागू पडायला?"

ती हसली. मी पेटी बंद केली आणि "देतो" म्हणालो.

तिला परदेशात एका कॉलेजात जायचं होतं. सूक्ष्म मापनाच्या यंत्रांचा अभ्यासक्रम होता, बाहेरच्या देशांतून वर्षाला सहाच जण घेतात, आणि निवडलेल्यांना फी माफ. तिचे वडील लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत मेकॅनिक. त्यांनी तिला एक वर्ष दिलं होतं. मिळालं तर जा, नाहीतर कंपनीत माझ्या हाताखाली जागा आहे, मी सांगून ठेवलंय. माणूस वाईट नाही, पण एकदा बोलला की बोलला.

देतो म्हणालो खरा, पण मला इंग्रजीत पत्र लिहिता येत नाही. यंत्राबरोबर आलेलं पुस्तक मी वाचतो. आकडे, स्क्रूचे आकार, सूचना, सगळं कळतं. माणसाबद्दल लिहायचं म्हटलं की दुसरं वाक्य सुचत नाही. अकरा वर्षांत माझ्या नावाने एकोणीस पत्रं गेली, ती सगळी हिने लिहिली. ही एका निर्यात कंपनीत परदेशी पत्रव्यवहार सांभाळायची. आमच्या तंत्रशाळेतले निम्मे मास्तर तिच्याकडूनच पत्रं लिहून घ्यायचे. चित्रकलेचे, म्हणजे यंत्रांची चित्रं शिकवणारे सर तर दर वर्षी यायचे. "वहिनी, एक पत्र आणि अर्धा कप चहा," असं दारातूनच म्हणायचे.

तिची पद्धत अशी होती. मी पोराचं नाव सांगायचो. ती भाजी चिरता चिरता विचारायची, "हाच ना तो, सुट्टीच्या दिवशी येऊन बसला होता?"

"हो, तोच. तुला काय माहीत?"

"तुम्हीच सांगितलं होतंत. मुलगा कसा आहे?"

"बरा आहे."

दुसऱ्या दिवशी दीड पान टाइप करून तयार. मी म्हणायचो, एवढं काय लिहितेस त्या बऱ्याबद्दल? ती म्हणायची, "तुम्ही बोललात तेवढंच लिहिलंय. तुम्ही काय बोलता ते तुम्हाला ऐकू येत नाही." मी सही करायचो. पुढे पुढे सही गेली आणि कॉम्प्युटरवर बटण आलं. ती दाखवेल ते दाबायचो. वाचलं एकही नाही.

यावेळी मी स्वतः लिहायला बसलो. जेवणाच्या टेबलावर कागद, शब्दकोश आणि पेन्सिल. चार संध्याकाळी गेल्या. मुलगी नियमित आहे. वेळेवर येते. मोठ्यांचं ऐकते, उलट बोलत नाही. घर साधं आणि सज्जन आहे. काम अचूक असतं. माझ्या मते ती चांगली विद्यार्थिनी ठरेल. सगळं खरं होतं. एक शब्द वाढवलेला नव्हता. हिच्या खुर्चीवर मी शब्दकोश ठेवला होता, कारण ती खुर्ची रिकामी बघत लिहिणं जमत नव्हतं.

पत्राखाली एक तक्ता होता. तुम्ही शिकवलेल्या सर्व विद्यार्थ्यांत ही कुठे बसते? सरासरीपेक्षा कमी, सरासरी, चांगली, पहिल्या दहा टक्क्यांत, पहिल्या पाच टक्क्यांत, आणि शेवटचा रकाना, आजवर भेटलेल्यांतल्या अगदी मोजक्यांपैकी. मला बरं वाटलं. हा प्रश्न माझ्या ओळखीचा होता, याला माप होतं. मी प्रयोगशाळेतली सव्वीस वर्षांची रजिस्टरं काढली. सहाशे चोवीस पोरं. प्रात्यक्षिकात चौऱ्याऐंशीच्या वर मी कधी कुणाला गुण दिलेले नाहीत. पट्टीला एकोणऐंशी होते. तिच्यापेक्षा जास्त मिळवणारे त्रेचाळीस निघाले. म्हणजे जवळजवळ सात टक्के. पाचात बसत नाही, दहात बसते. मी दहाच्या रकान्यात खूण केली आणि बटण दाबलं.

खोटं सांगत नाही, त्या दिवशी मी पोटभर जेवलो. कुणाची मदत न घेता केलं होतं. हिला दाखवावंसं वाटलं.

हिला दाखवता येत नव्हतं म्हणून रविवारी मुलीचा फोन आला तेव्हा तिला वाचून दाखवलं. ती दुसऱ्या शहरात असते, तिच्या ऑफिसात असले अर्ज रोज बघायला लागतात. मी वाचत होतो आणि पलीकडे काही आवाज नव्हता. मला वाटलं फोन कटला.

"बाबा, पाठवलंत हे?"

"पाठवलं. का?"

"आणि खालच्या तक्त्यात?"

मी मोजणी सांगितली. रजिस्टरांसकट सांगितली.

"अहो बाबा, तिकडे कुणी मोजत नाही. सगळे शेवटच्या रकान्यात खूण करतात. तिथे दहा टक्के म्हणजे जवळजवळ नापास. आणि ऐकते, उलट बोलत नाही, हे काय? त्यांना वाटेल हिला स्वतःचं डोकंच नाही, आणि मास्तरांना लिहायला दुसरं काही सापडलं नाही."

"ऐकणं हा काय दोष आहे?"

"आपल्याकडे नाही. तिकडच्या पत्रात आहे. शेवटची तारीख कधी?"

"बुधवार."

"मग उद्याच्या उद्या त्यांना मेल टाका. चुकून जुना मसुदा गेला, बदलून द्या म्हणावं. मी लिहून देते."

"बघतो," मी म्हणालो.

"बाबा, तुमचं बघतो म्हणजे नाही. आईच म्हणायची."

मी फोन ठेवला आणि कॉम्प्युटर उघडून हिची पत्रं काढली. इंग्रजी सगळं समजलं नाही, पण खुणा समजल्या. एकोणिसातल्या सतरा पोरांना तिने अगदी मोजक्यांत घातलं होतं. सतरा जण मोजके कसे होतील? मी संतापलो. आठ महिने त्या घरात मी फक्त रडलो होतो, त्या संध्याकाळी पहिल्यांदा तिच्यावर रागावलो. अकरा वर्षं माझ्या नावाखाली खोटं गेलं, आणि ज्याला पोरं शतांश म्हणतात त्याला पत्ता नाही. खुर्चीकडे बघून बोललोसुद्धा. विचारायचं तरी होतंस.

सोमवार गेला. मंगळवारी पट्टी जिन्यात भेटली. "झालं ना सर पत्र?" मी म्हणालो, "झालं." तेव्हा बोलता आलं असतं. पण मग सगळंच बोलावं लागलं असतं. आधीची पत्रं माझी नव्हती, मला चार ओळी धड लिहिता येत नाहीत, आणि मी मोजून केलेली खूण कुणीतरी सांगितलं म्हणून फिरवतो आहे. मोजलेलं फिरवायचं नाही, हे मी सव्वीस वर्षं फळ्यासमोर उभा राहून सांगत आलो. एका पत्राने काय होतंय, असंही मनाला सांगितलं. बुधवार गेला.

शनिवारी शर्टाचं बटण लावायला दोरा हवा होता, म्हणून हिच्या शिलाई मशीनचा खण उघडला. दोऱ्यांच्या खाली माझ्याच प्रयोगशाळेची एक जुनी वही होती. त्यात तिच्या अक्षरात, आपल्या भाषेत, माझी पोरं होती. मी संध्याकाळी बूट काढताना, हात धुताना जे काही बडबडत असेन ते तिने टिपून ठेवलं होतं, वर्षानुवर्षं. तारीख आणि दोन-तीन ओळी.

"आज तो उंच मुलगा सुट्टी असून गेला होता. माप एक शतांश का हलतं ते शोधत बसला. खिडकीतून ऊन टेबलावर येतं म्हणून, असं निघालं. हे खूश आहेत, पण त्याला काही म्हणाले नाहीत."

"एका मुलीने दुसरीच्या वहीतलं उतरवलं आणि स्वतःहून येऊन सांगितलं. हे म्हणतात, चूक कबूल करणारा हात मापाला चांगला."

मी उभ्यानेच वाचत होतो. एकही ओळ खोटी नव्हती. मी बोललो होतो हे सगळं. पत्रांत तिने हेच लिहिलं असणार. मी ज्याला बरा म्हणालो ते पोर किती बरं आहे हे तिला माझ्याहून जास्त माहीत होतं. खुणांचं सोडा, त्या तिने तिकडच्या मापाने केल्या.

शेवटून तिसऱ्या पानावर पट्टी होती. हिला दवाखान्यात ठेवण्याच्या थोडं आधीचं.

"पट्टी नावाच्या मुलीने भर वर्गात यांची चूक दाखवली. मापाची वस्तू ठेवायच्या सपाट ग्रॅनाइटच्या पाटावर हे कायम आपल्या खुर्चीजवळच्या कोपऱ्यातच मापं लावतात. तो कोपरा झिजलाय. तिने सगळा पाट बोटाबोटावर मोजून नकाशा काढून आणला. सहा वर्षांची मापं थोडी थोडी चुकीची. यांनी तिला जागेवर बस म्हटलं. दोन दिवस जेवताना बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी पाट घासून सपाट करायला पाठवला. मग म्हणाले, ही पोरगी माझ्यापुढे जाईल. असं कुणाबद्दल पहिल्यांदाच म्हणाले."

पाटाची गोष्ट मी विसरलो नव्हतो. पत्रात मुद्दामच घातली नव्हती. आपल्या खोलीतली चूक बाहेरच्यांना कशाला सांगायची, घरातलं घरात राहावं, असा हिशेब होता. उलट बोलत नाही असं मी लिहिलं होतं, तेही त्याच मुलीबद्दल. मात्र ती माझ्यापुढे जाईल हे मी म्हटल्याचं मला आठवत नव्हतं. हिने लिहिलंय म्हणजे म्हटलं असणार. मग माझ्याच मापाने ती कितव्या टक्क्यात बसते? सहाशे चोवीसांत असं मी एकीबद्दल म्हणालो होतो. रजिस्टरात गुण असतात, हे नसतं.

मुलीला फोन केला. ती एवढंच म्हणाली, सांगा, मी लिहिते. मी पाटाची गोष्ट सांगितली, माझ्या चुकीसकट. तिने मेल लिहिली, मी पाठवली. चार दिवसांनी दोन ओळींचं उत्तर आलं. आपलं पत्र मिळालं. मुदतीनंतर आलेला मजकूर समिती विचारात घेईलच असं नाही.

दोन महिन्यांनी पट्टीला नकार आला. तिनेच येऊन सांगितलं. प्रयोगशाळेत कुणी नव्हतं. तिने कोट घातला नव्हता, बाहेरच्या कपड्यांत होती, आणि पहिल्यांदाच मला लहान दिसली.

"सोमवारपासून बाबांबरोबर जाणार," ती म्हणाली. "तुम्हाला सांगावं म्हटलं. तुम्ही पत्र दिलंत."

"बस जरा."

"उभी आहे ती बरी आहे."

मी सगळं सांगितलं. शब्दकोश, रजिस्टरं, रविवारचा फोन, तो मंगळवार, जिना. हिच्या वहीचंही सांगितलं. ती ऐकत होती आणि टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत होती, धूळ बघावी तसं.

"मंगळवारी तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"मी विचारलं तेव्हा?"

"हो."

तिने बोट पुसलं. मग म्हणाली, "फक्त तुमच्या पत्राने गेलं असं नाही सर. सहाच जागा होत्या. उगाच सगळं अंगावर घेऊ नका." आणि नंतर, "थोडं गेलं असेल."

"असेल."

"बाई असत्या तर?"

"ती असती तर पत्र चांगलं गेलं असतं."

"मी एकदा आले होते तुमच्या घरी, वही द्यायला. बाईंनी दारातच विचारलं, तू पट्टी का? मला नवल वाटलं, यांना कसं माहीत. मला वाटलं घरी तुम्ही माझ्या तक्रारी करत असाल."

मी हिची वही आणली होती. तिला ते पान दाखवलं. तिने दोनदा वाचलं असावं, कारण डोळे खाली जाऊन परत वर आले.

"हे तुम्ही म्हणालात?"

"म्हणालो असणार."

"मला कधी म्हणाला नाहीत. पाट घासून आला त्या दिवशीसुद्धा नाही. मी आठवडाभर वाट बघितली. मला वाटत होतं तुम्ही मला खोलीतून काढाल." तिने वही बंद करून माझ्याकडे दिली. "ज्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याकडे होतं, ते सोडून तुम्ही रजिस्टरं मोजत बसलात सर."

मी म्हणालो, चुकलो. ती म्हणाली, येते. दारापाशी थांबून एवढंच म्हणाली, "वडिलांशी बोलून अजून एक वर्ष मागणार आहे. कामावर जाता जाता अर्ज भरीन. देतात का बघू." मी विचारलं, पत्र लागलं तर? ती म्हणाली, "बघते," आणि गेली.

ते बघते मला चांगलंच कळलं.

वडिलांनी वर्ष दिलं, हे मला इतरांकडून कळलं. ती लिफ्टच्या खड्ड्यांत उतरते, दोऱ्या तपासते, हाताला ग्रीस. तंत्रशाळेत येते तेव्हा माझ्या मजल्यावर येत नाही. मीही खाली जात नाही.

परवा संध्याकाळी चित्रकलेचे सर घरी आले. दारातून काही म्हणाले नाहीत. बसले, इकडेतिकडे बघितलं.

"वहिनी गेल्या आणि आपल्या अख्ख्या स्टाफचं इंग्रजी गेलं बघा," ते म्हणाले. "पट्टीने यंदा माझ्याकडे पत्र मागितलंय. वहिनींच्या फायलीतलं एखादं जुनं द्या ना. नाव बदलून टाकतो. कुणाला कळतंय."

"फाइल देणार नाही."

"बरं, बरं. रागावू नका."

"रागावलो नाही. कागद घ्या. तुम्ही लिहा, मी सांगतो. आपल्याच भाषेत लिहा, इंग्रजी कुणाकडून तरी करून घ्या."

"माझी भाची करील. पण सांगणार काय? मला तर ती एवढीच माहीत आहे की चित्रं स्वच्छ काढते."

"तिने पाटाचा नकाशा काढला होता तो तुमच्या वर्गात, तुमच्या टेबलावर. ते तुम्ही पाहिलंय ना?"

"पाहिलं होतं. रात्रीचा पहारेकरी कुलूप लावायला आला तरी ही उठेना. कसला नकाशा ते विचारलं नाही मी."

मी चहा ठेवला आणि सांगत गेलो. कोणता कोपरा, किती झिजलेला, किती जागी मोजलं, भर वर्गात कोणाला दाखवलं, आणि त्या माणसाने काय केलं. ते लिहीत होते. त्या माणसापाशी आले तेव्हा पेन थांबलं.

"हे नावानिशी लिहू?"

"लिहा. प्रयोगशाळेचे प्रमुख, म्हणा. सहा वर्षं चुकत होते, म्हणा."

"अहो, तुमची अब्रू जाईल."

"तिकडे मला कोण ओळखतं. पुढे लिहा. तिसऱ्या दिवशी त्यांनी मान्य केलं की ही आपल्यापुढे जाईल."

त्यांनी लिहिलं. मग चष्मा वर करून मान खाजवली. "आणि तो तक्ता? मागच्या वेळी तुम्ही कुठे खूण केली होतीत?"

मी सांगितलं. चहा निवत होता.

"शेवटच्या रकान्यात करा," मी म्हणालो.

"मोजून सांगताय?"

"मोजून."

त्यांनी कागदाची घडी करून खिशात ठेवली आणि निघाले. दारात चपला घालता घालता विचारलं, "तिला सांगू का, हे सगळं तुम्ही सांगितलंत म्हणून? बरं वाटेल पोरीला."

मी नको म्हणालो. तिने पत्र माझ्याकडे मागितलेलं नाही.